अहवाल तोफेच्या तोंडाशी थांबतो

मराठी समीक्षेनं कादंबरी, कविता, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, इतकंच काय पण दिवाळी अंकांच्या संपादकीयांचीही दखल घेतलेली आहे. आज आम्ही ज्या लेखनाबद्दल बोलणार आहोत, त्याची दखल मात्र कुणी घेतलेली आमच्या तरी पाहण्यात नाही. हे लेखन दर जुलैत ढिगानं तयार होतं, स्पायरल बाइंडिंग होऊन विभागात जमा होतं, दोन माणसं ते चाळतात आणि पुढेमागे ते रद्दीत जातं. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत संरक्षण उद्योगात जी इंटर्नशिप केली, तिचा अहवाल हा आमचा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या माणसाला तोफेच्या नळीतलं काय कळतं? प्रश्न रास्त आहे. निवृत्तीनंतर चार वर्षं एका अभियांत्रिकी महाविद्यालयानं आम्हाला या अहवालांच्या तोंडी परीक्षेला बाहेरचा सदस्य म्हणून बोलावलं. मंडळावर मानव्यविद्यांचा एक माणूस असावा असं तिथल्या प्राचार्यांना वाटत होतं. आम्ही काय केलं, तर जे आयुष्यभर केलं तेच. म्हणजे समोर आलेला मजकूर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. मुलांना याचंच फार नवल वाटलं.

आता हा प्रकार आपल्याकडे एवढा का फोफावला, ते महाराष्ट्राच्या नकाशावरून कळेल. नुसतं पुणं घ्या. पाषाणला एआरडीई, म्हणजे तोफा, रॉकेटं, दारूगोळा यांची संशोधन संस्था. सुतारवाडीला स्फोटकं आणि प्रणोदकं यांची एचईएमआरएल. दिघीला लष्करी पूल आणि वाहनं यांची प्रयोगशाळा. या तिन्ही डीआरडीओच्या. खडकीला १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना, पलीकडे देहूरोड. पुण्याबाहेर पडलात तर अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा, भद्रावती. नाशिकजवळ ओझरला विमानं, मुंबईत माझगाव डॉक, खाली वास्कोला गोवा शिपयार्ड. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांपैकी दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालय पुण्यात आहे आणि यंत्र इंडियाचं नागपुरात. यात खाजगी उद्योग भरीला आलेले आहेत. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयानं भारत फोर्ज आणि टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स यांच्याशी १५५ मिलिमीटरच्या ३०७ तोफा आणि त्या ओढणाऱ्या गाड्या यांचे करार केले, सुमारे ६,९०० कोटींचे. त्या तोफेची रचना पाषाणची. अशा प्रदेशात मेकॅनिकलची पदवी घेणाऱ्या मुलानं इंटर्नशिपला संरक्षणाकडे पाहावं, यात आश्चर्य काहीच नाही. पूर्वी याला ‘इनप्लांट ट्रेनिंग’ म्हणत. २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमापासून एआयसीटीईनं इंटर्नशिपला श्रेयांकांत बसवलं, आणि हौसेची गोष्ट हजेरीची झाली.

अहवाल वाचायचा तर मोजपट्टी कुठली घ्यायची? आम्ही आपली जुनीच घेतली. आपल्या परंपरेत शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगाव्या लागत. त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. सदानंदांच्या वेदान्तसारात ही मांडणी सुरुवातीलाच येते. हा ग्रंथ कुणासाठी, कशाबद्दल, ग्रंथाचा त्या विषयाशी नातं काय, आणि हे सगळं कशासाठी. न्यायसूत्रांच्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थांची यादी आहे, तिच्यात प्रमाण, प्रमेय, संशय यांच्यानंतर चौथं नाव प्रयोजनाचं. म्हणजे ‘कशासाठी’ हा प्रश्न भावनेचा नाही की कीर्तनातलाही नाही. तो तर्कशास्त्राच्या सामानातला आहे.

या चार खिळ्यांवर अहवाल टांगून पाहू.

विषय? विषय उत्तम असतो. हे आधी मोकळेपणानं सांगितलं पाहिजे, कारण ‘हल्लीची मुलं नेटवरून उचलतात’ असं म्हणून हात झटकणं फार सोपं आहे. काही उचलतातच. संस्थेच्या इतिहासाची पहिली सहा पानं सगळ्यांची सारखी असतात, स्वल्पविरामासकट. पण सातव्या पानापासून कधी कधी खरं काम सुरू होतं. एका मुलाचा अहवाल तोफेच्या नळीवर होता. नळी म्हणजे जाड भिंतीचा दंडगोल. ५२ कॅलिबरची नळी म्हणजे व्यासाच्या बावन्न पट लांब, म्हणजे १५५ मिलिमीटरला आठ मीटरहून थोडी जास्त. दारू पेटली की आतून प्रचंड दाब येतो, आणि नळीचा सगळ्यात आतला थर सगळ्यात जास्त ताणला जातो. मग करतात काय, तर नळी तयार करतानाच तिला आतून इतका दाब देतात की आतला थर कायमचा फाकतो. बाहेरचा थर मात्र लवचीक राहतो आणि दाब काढल्यावर आकसून आतल्याला आवळून धरतो. ऑटोफ्रेटाज म्हणतात याला. मग प्रत्यक्ष बार उडतो तेव्हा त्या ताणाचा बराच भाग ही आवळ सोडवण्यातच खर्च होतो, आणि नळी जास्त बार टिकते. हे त्या मुलानं इतकं स्वच्छ लिहिलं होतं की आमच्यासारख्या माणसालाही समजलं. समीकरणं लामेची, एकोणिसाव्या शतकातली. संगणकावर रंगीत चित्रं काढून ताळा घेतलेला. आणि शेवटी निष्कर्ष: रचना सुरक्षित आहे.

हे ‘सुरक्षित’ आम्ही पेन्सिलीनं अधोरेखित केलं. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

हीच युक्ती डिझेल इंजिनाच्या इंधननलिकांनाही वापरतात. म्हणजे त्या अहवालातला ‘तोफ’ हा शब्द खोडून ‘इंधननलिका’ लिहिला असता तर आकडे सोडून फारसं काही बदलावं लागलं नसतं. विद्यार्थी हे अभिमानानं सांगतात, आणि ते खरंही आहे. समीकरणाला तोफ आणि ट्रॅक्टर यांतला फरक कळत नाही. पण समीकरणाला कळत नाही म्हणून समीकरण लिहिणाऱ्यालाही कळू नये, असं काही कुठे ठरलेलं नाही.

यापेक्षा बोलका अहवाल होता तोफगोळ्याच्या कवचावरचा. १५५ मिलिमीटरचा गोळा साधारण त्रेचाळीस ते पंचेचाळीस किलोचा. त्यात स्फोटकाचा वाटा लहान, बाकी बहुतेक पोलाद. ते पोलाद तापवून, घडवून, लेथवर कातून, उष्णतेची प्रक्रिया करून तयार होतं. नळीत असताना त्या गोळ्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटींच्या घरातलं त्वरण येतं. तिथे कवच फुटलं तर तोफ आणि तोफची दोघेही गेले. म्हणून अहवालात कवच ‘फेल’ होणार नाही याची पानंच्या पानं काळजी. ठीक. आता गंमत अशी की हेच कवच नंतर फुटायलाच हवं असतं. जमिनीवर पोचल्यावर त्याचे तुकडे व्हावेत आणि ते वेगानं चौफेर उडावेत, यासाठीच ते पोलाद तसं निवडलेलं असतं. मेकॅनिकलच्या सगळ्या अभ्यासक्रमात ‘फेल्युअर’ हा शब्द वाईट. पूल फेल, दांडा फेल, बेअरिंग फेल. इथे एकच वस्तू अशी आहे की तिचं एका जागी न फुटणं आणि दुसऱ्या जागी फुटणं, दोन्ही मिळून तिचं यश. संकल्पनेच्या दृष्टीनं यापेक्षा रोचक गोष्ट त्या मुलाला अख्ख्या चार वर्षांत मिळाली नसेल. आणि त्याचा अहवाल नळीच्या तोंडाशी थांबला होता. गोळा बाहेर पडला, अहवाल संपला. पुढे ‘भविष्यातील सुधारणा’ हे अर्धं पान, आणि मग आभार.

असे बहुतेक अहवाल तोफेच्या तोंडाशी थांबतात. हे आमचं पहिलं निरीक्षण.

प्रयोजनाची जागा अहवालात रिकामी असते असं मात्र समजू नका. प्रयोजन असतं, आणि ते पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं. ‘पदवीच्या आवश्यकतेच्या अंशतः पूर्ततेसाठी सादर.’ दर वर्षी, दर महाविद्यालयात, दर विषयात हेच. प्रमाणपत्रावर पुन्हा तेच. आता ही ओळ औपचारिक आहे हे आम्हालाही कळतं. पण अख्ख्या मजकुरात ‘कशासाठी’ या प्रश्नाचं हे एकच स्पष्ट उत्तर असेल, तर वाचकानं तेच खरं धरायला नको का? नळी कशासाठी, पदवीसाठी. कवच कशासाठी, पदवीसाठी. आणि पूर्तता तीही अंशतः. (हशा)

एका मुलीचा अहवाल यात वेगळा होता आणि त्याच्यावर थोडं थांबायला हवं. तिचा विषय मझल ब्रेक. नळीच्या टोकाला जो भोकांचा जाड तुकडा असतो ना, तो. गोळा सुटल्यावर मागून येणारे वायू हा तुकडा बाजूला आणि थोडे मागे वळवतो, त्यामुळे तोफेला बसणारा मागचा धक्का कमी होतो. फायदा उघड आहे. पण मागे वळवलेला तो वायूचा लोट आणि आवाज जातो कुठे? तोफेपाशी उभ्या असलेल्या जवानांकडे. म्हणजे धक्का जितका कमी करावा तितका त्यांच्या कानांवर आणि छातीवर दाब जास्त. या मुलीनं एक आलेख काढला होता. आडव्या अक्षावर वायू वळवण्याचा कोन, उभ्या अक्षावर जवान उभा राहतो त्या जागेवरचा दाब. चार वर्षांत आम्ही वाचलेल्या अहवालांत माणूस जिथे उभा आहे असा हा एकमेव आलेख. भाषा तीच होती, सगळी कर्मणी, ‘करण्यात आले’, ‘आढळून आले’. पण त्या वाक्यांच्या आत एक कान होता.

वर आम्ही ‘सुरक्षित’ या शब्दाखाली रेघ मारली ती यासाठी. बाकीच्यांची नळी सुरक्षित होती. नळी कुणासाठी सुरक्षित, हे या मुलीनं सांगितलं.

तोंडी परीक्षेत आम्ही तिचं कौतुक केलं आणि विचारलं, “बाळ, तोफेच्या या बाजूला उभा असलेला माणूस तुझ्या आलेखात आहे. त्या बाजूला, जिथे गोळा पडतो, तिथलं काय?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सर, तो भाग आम्हाला दिला नव्हता.” शेजारी बसलेले विभागाचे मार्गदर्शक हसून म्हणाले, “सर, तो सिलॅबसच्या बाहेर आहे.” दोघांचीही उत्तरं प्रामाणिक होती. पण ती एकच नव्हती. तिच्या उत्तरात काहीतरी कुणी द्यायचं राहिलं आहे अशी जाणीव होती. त्यांच्या उत्तरात ती नव्हती.

आता आक्षेप घेऊ. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप गोपनीयतेचा. संरक्षणाच्या गोष्टी आहेत, १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहे, मुलांनी कसं लिहावं? डीआरडीओच्या नियमांत स्पष्ट आहे की प्रशिक्षणार्थींना गुप्त नसलेल्या भागातच प्रवेश मिळेल. हे योग्यच आहे. फाटकावर फोन जमा, पास गळ्यात, दिलेल्या खोलीत बसायचं, शास्त्रज्ञ वेळ देतील तेव्हा भेटायचं. चार आठवड्यांच्या इंटर्नशिपमधला बराच वेळ पास निघण्यात आणि ग्रंथालयात जातो, अशी मुलांची तक्रार आम्ही ऐकलेली आहे. त्यांना मिळणारा प्रश्नही बहुधा मापं बदलून पाठ्यपुस्तकासारखा केलेला असतो. हे सगळं मान्य.

पण गोपनीयता झाकते काय? मापं, मिश्रधातूचं प्रमाण, पल्ला, अचूकता, संख्या, ठिकाण. तोफ कशासाठी असते हे ती झाकत नाही. ते गुप्त कधीच नव्हतं. शस्त्रं तर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात लोकांसमोरून जातात. उलट राज्यसंस्था स्वतः प्रयोजन लेखी मागते. शस्त्र परदेशी विकायचं असेल तर खरेदी करणाऱ्या देशाकडून अंतिम वापराचं प्रमाणपत्र घेतात: हे कोण वापरणार, आणि दुसऱ्याला देणार नाही याची हमी. म्हणजे ज्या प्रश्नाचा कागद मंत्रालयात फाइलला लागतो, तो प्रश्न महाविद्यालयात मात्र सिलॅबसच्या बाहेर. गोपनीयतेचा पडदा लहान आहे. त्याच्या आडोशाला महाविद्यालयांनी जे ठेवलं आहे ते मोठं आहे.

दुसरा आक्षेप देशप्रेमाचा. तुम्ही शांततावादी आहात का, असं आम्हाला एका प्राध्यापकांनी चहाच्या वेळी विचारलं. नाही. १९७१ च्या डिसेंबरात खिडक्यांना काळे कागद चिकटवलेल्या पिढीतले आम्ही आहोत. सैन्य नसलेल्या देशाचं काय होतं हे सांगायला कुणी तत्त्वज्ञ लागत नाही. एखादा विद्यार्थी लिहील की ही तोफ सीमेवर हवी आहे, अमुक कारणानं हवी आहे, आणि तिनं होणारी हानी मला माहीत असूनही मी हे काम योग्य मानतो, तर आम्ही त्याला पैकीच्या पैकी गुण देऊ. आमची तक्रार असं कुणी लिहीत नाही ही आहे. अहवालात देशसेवा येते ती त्या पहिल्या सहा पानांत, संस्थेच्या माहितीपत्रकातून उचललेली. स्वतःच्या वाक्यात येत नाही.

आणि ते उसनं उत्तर आता पुरतही नाही. खडकीचा कारखाना १८६९ चा. तिथली काडतुसं आधी ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यासाठी होती, १९४७ नंतर स्वतंत्र भारताच्या. कारखाना तोच, लेथ त्याच, पोट भरायला येणारी घरंही बरीचशी तीच. प्रयोजन बदललं, आणि ते लेथला कळलं नाही. आता पुन्हा बदलतं आहे. २०२३-२४ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २१,०८३ कोटी रुपयांची झाली, २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींची. निर्यात होते म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या तरी सीमेवर जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सनं बातमी दिली की भारतीय तोफगोळे युरोपीय ग्राहकांमार्फत युक्रेनमध्ये पोचले. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं ती तर्कावर आधारलेली आणि दिशाभूल करणारी म्हणून नाकारली. त्यात कोण खरं हा आमचा विषय नाही. आमचा विषय एवढाच की ‘सीमेवरच्या आपल्या जवानासाठी’ हे वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आता ‘कुठली सीमा’ असा पुढचा प्रश्न येऊ शकतो, आणि त्याला तो कुणी शिकवलेला नाही.

एक बारीकसा मुद्दा नावांचा. रॉकेटचं नाव पिनाक, म्हणजे शिवाचं धनुष्य. अग्नी, नाग, आकाश, धनुष. नावं ठेवताना आपण पुराणांपर्यंत मागे जातो. आवडीला आली तेव्हा रणगाड्याचं नाव ठेवलं अर्जुन. अर्जुन! महाभारतातल्या सगळ्या वीरांतून नेमका तोच, ज्यानं दोन सैन्यांच्या मध्ये रथ थांबवला, गांडीव खाली ठेवलं आणि विचारलं की हे कशासाठी. तो नंतर लढला, हे खरंच. पण अठरा अध्याय मध्ये गेले. आमच्या विद्यार्थ्याला अठरा अध्याय नकोत, एक पान पुरे. (ओपेनहायमरनं गीतेतलं काय म्हटलं ते आज नको. ते इतक्या वेळा सांगून झालंय की आता ऐकताना कुणाला काही होत नाही.)

राहिला अधिकारी. शास्त्रग्रंथात अधिकारी म्हणजे ते ज्ञान घ्यायला योग्य असा माणूस. इथे अधिकारी कोण? प्रमाणपत्रावर नाव, आसन क्रमांक, वर्ग. पण हा माणूस त्या आवारात नेमका कोण असतो? कामगार नाही. शिकाऊ उमेदवारही नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. आयटीआय झालेला मुलगा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आला, तर त्याला विद्यावेतन कायद्यानं मिळतं, आणि प्रशिक्षणात अपघातानं इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, असं त्या कायद्याचं सोळावं कलम सांगतं. डीआरडीओच्या इंटर्नशिपच्या नियमांत उलट वाक्य आहे: प्रशिक्षणाच्या काळात इजा झाल्यास भरपाईला संस्था बांधील नाही. म्हणजे त्याच प्रकारच्या आवारात आयटीआयच्या मुलाला कायद्याचं छत्र आहे, आणि इंजिनिअरिंगच्या मुलाला, जो स्वतःला त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या वर समजतो, एक ना-जबाबदारीचं वाक्य आहे. गुप्त नसलेल्या भागात बसणाऱ्याला धोका कमी, हे मान्य. पण २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि किमान आठ कामगार गेले. दारूगोळ्याचं काम म्हणजे काय, हे त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात आपलं मूल कुठल्या अटींवर कुठल्या फाटकातून आत जातं आहे, हे किती महाविद्यालयांनी पालकांना वाचून दाखवलं? आम्ही बसलो त्या मंडळानं तरी नाही. आम्ही तो कागद मागितला, तेव्हा तो ‘फॉर्मॅलिटी’ म्हणून दुसऱ्या फाइलमध्ये होता.

आणि इथे दोन गोष्टी एकमेकींना मिळतात. अहवालात गोळा जिथे पडतो तिथला माणूस नाही, आणि अहवाल लिहिणारा माणूसही नाही. सगळं कर्मणी. ‘विश्लेषण करण्यात आले.’ कुणी केलं? विज्ञानाच्या लेखनाची ही पद्धतच आहे असं सांगतात. असेल. पण ही पद्धत एकवीस वर्षांच्या मुलाला पहिल्या मोठ्या कामातच शिकवते की तू या वाक्यात नाहीस.

प्रयोजन लिहून ठेवल्यानं फरक काय पडतो, असं कुणी विचारलं तर आम्ही जोसेफ रॉटब्लॅटचं उदाहरण देतो. ते मेकॅनिकलचं नाही, भौतिकशास्त्राचं आहे, आणि आपल्या इंटर्नशिपच्या मानानं फारच मोठं आहे. पण मुद्दा तोच. पोलंडचा हा शास्त्रज्ञ इंग्लंडमार्गे १९४४ मध्ये लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या कामावर गेला. त्याचं प्रयोजन त्याच्या डोक्यात नेमकं होतं: हिटलरच्या हाती बॉम्ब येईल, त्याला अटकाव व्हावा म्हणून आपल्याकडे असावा. त्या वर्षाच्या अखेरीस कळलं की जर्मनीचा तसा बॉम्ब होत नाहीये. रॉटब्लॅटनं काम सोडलं. पुढे किरणांचा उपयोग वैद्यकात कसा करायचा यावर काम केलं, आणि १९९५ मध्ये त्याला पगवॉश परिषदांसह शांततेचं नोबेल मिळालं. त्याच्याभोवतीची माणसं काही दुष्ट नव्हती, त्याच्यापेक्षा कमी बुद्धिमान तर नव्हतीच. फरक इतकाच की त्याचं प्रयोजन वाक्यात मांडलेलं होतं, म्हणून ते संपल्याचं त्याला ओळखता आलं. ज्याचं प्रयोजन ‘काम दिलं होतं’ एवढंच असतं, त्याचं ते संपणार तरी कधी? गोळा बंदुकीतला असो की अणूचा.

परत आपल्या स्पायरल बाइंडिंगकडे येऊ. अहवालाच्या शेवटी एक तक्ता असतो, तो तुमच्यापैकी जे शिकवतात त्यांना ठाऊक आहे. महाविद्यालयाच्या मानांकनासाठी एनबीएनं पदवीची बारा फलितं ठरवली होती, आणि विद्यार्थ्याचं काम त्यांतल्या कुठल्या फलिताला किती लागू पडतं, ते एक ते तीन आकड्यांत भरायचं. सहावं फलित अभियंता आणि समाज. आठवं नीतिमत्ता. आम्ही प्रत्येक अहवालाचं ते पान मुद्दाम उघडत असू. कवचाच्या अहवालात, जो नळीच्या तोंडाशी थांबला होता, आठव्या रकान्यात आकडा होता: दोन. हा दोन कुणी दिला असं विचारलं, तर मुलानं मार्गदर्शकांकडे पाहिलं, मार्गदर्शकांनी मुलाकडे. मग कळलं की तक्ता मागच्या वर्षीच्या अहवालातून आला होता. मागच्या वर्षीचा विषय पाण्याचा पंप. (हशा)

गेल्या वेळी आम्ही विभागाला लेखी सुचवलं की हा तक्ता ठेवा हवा तर, पण त्याच्या आधी एक पान जोडा. कर्तरी प्रयोगात, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वाक्यांत. मी ज्या वस्तूवर काम केलं ती काय करते, कुणाला करते, आणि ते काम मी का घेतलं. त्यात मापं नकोत, पल्ला नको, काही गुप्त नको. हवं तर ते पान संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला आधी दाखवा. विभागानं कळवलं की अहवालाचा नमुना विद्यापीठाकडून येतो आणि त्यात पान वाढवता येत नाही. मग त्या मुलीनं, मझल ब्रेकवाल्या, पुढच्या वर्षीच्या मोठ्या प्रकल्पाच्या ब्लॅक बुकमध्ये एक करामत केली. नमुन्यात अर्पणपत्रिकेचं पान कोरं सोडण्याची मुभा होती. तिनं तिथे लिहिलं. काय लिहिलं ते तिचं आहे, इथे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण पान भरलेलं होतं, दोन्ही बाजूंनी, आणि त्यात ‘मी’ हा शब्द होता.

आता प्रश्न घेऊ. मागे कुणाचा तरी हात बराच वेळ वर आहे.